शिंगाडे मॅडमचं इंग्रजी

कॉलेजच्या लायब्ररीत बसणाऱ्या माणसाकडे पुस्तकांपेक्षा किस्से जास्त जमा होतात. पुस्तक नेलेला माणूस वर्षा-दोन वर्षांनी का होईना, ते परत आणून टाकतो. किस्सा मात्र लोक टेबलावर ठेवून जातात आणि परत न्यायला कुणी येत नाही! मी बदनापूरहून आत, मोसंबीच्या बागांमध्ये असलेल्या एका छोट्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आता रिटायर व्हायला आलो. हिशेब लावला तर माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच बाईंचे निघतील.

प्रा. अनुसया शिंगाडे. इंग्रजी शिकवतात आणि मराठीत कविता लिहितात. कुणीतरी दरवर्षी विचारतंच, "मॅडम, तुम्ही कविता इंग्रजीत का लिहीत नाही?"

मॅडमचं उत्तर ठरलेलं. "इंग्रजीत लिहिली की ती तपासावीशी वाटते!"

*

मॅडमच्या मुलाखतीला मी हजर होतो. म्हणजे फायली धरून कोपऱ्यात उभा होतो. समोर संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे दादासाहेब म्हणतो. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण प्रत्येक मुलाखतीला स्वतः बसणार. शेजारी विद्यापीठाने पाठवलेले विषयतज्ज्ञ.

आधीचा उमेदवार सूट घालून आल्ता. दादासाहेब म्हणाले, "बोला इंग्रजीत." तो सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलला. माय नेम इज अमुक, माय फादर इज फार्मर, आय लाइक टीचिंग. तो बाहेर गेल्यावर दादासाहेबांनी मान हलवली. "हे न्हाई चालायचं. ह्याचं मला समदं कळलं. मलाच कळलं तर पोरांना शिकवायला राह्यलं काय?"

मग मॅडम आल्या. "बोला." मॅडमनी समोरच्या भिंतीवर नजर लावली आणि पाच मिनिटं श्वास न घेता बोलत राहिल्या. दादासाहेब पुढे सरकून ऐकत होते. संपलं तसं टेबलावर थाप मारली. "एक शब्द समजला असंल तर शपथ! ऑर्डर काढा!"

विषयतज्ज्ञांनी चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "उच्चार शुद्ध आहेत."

ते असं का म्हणाले, हे मला दोन वर्षांनी मॅडमनीच सांगितलं. घाबरून त्यांची पाटी कोरी झाली होती. लहानपणी त्यांच्या घरात इंग्रजी छापलेली एकच वस्तू होती, शेजारणीने दिलेल्या शिलाई मशीनची माहितीपुस्तिका. ती त्यांनी हौसेने पाठ केली होती. त्या दिवशी आठवलं ते तेवढंच.

"शेवटचं वाक्य काय होतं मॅडम?" मी विचारलं.

"सुईला दोरा नसेल तर मशीन चालवू नये."

*

वर्गात मॅडमची एक पद्धत आहे. व्याकरण गावाकडून शिकवायचं. "पुस्तकात लिहिलंय 'करत आहे'. ते राहू द्या पुस्तकात. आपण घरी काय म्हणतो? करून राह्यलो. जेवून राह्यलो, येऊन राह्यलो. हाच प्रेझेंट कंटिन्यूअस. चालू आहे, संपलेलं न्हाई!"

पोरांना हे फार आवडलं. त्यातल्या ज्ञानोबा नावाच्या पोराला जरा जास्तच आवडलं. आठवड्याभरात त्याचा इंग्रजीत रजेचा अर्ज आला. 'माय ग्रँडफादर इज डाइंग.' मॅडमनी हळहळून दोन दिवसांची रजा दिली.

पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज. 'माय ग्रँडफादर इज डाइंग.' दिवाळीनंतर पुन्हा तेच.

"काय रे ज्ञानोबा, अजून?"

"हो मॅडम. प्रेझेंट कंटिन्यूअस. चालू आहे, संपलेलं न्हाई."

मॅडमनी अर्ज तीनदा वाचला. व्याकरणाची चूक सापडेना. सही केली.

आणि एके दिवशी स्कॉलरशिपच्या कागदावर पालकाची सही द्यायला एक ताठ म्हातारा स्टाफरूममध्ये आला. "मी ज्ञानोबाचा आजा." मॅडम खुर्चीतून उठल्याच! "आजोबा, तब्येत कशी आहे?"

"एकदम बराबर. सकाळीच पंपावर जाऊन आलो. का बरं?"

मॅडमनी ज्ञानोबाला बोलावलं, तिन्ही अर्ज टेबलावर ठेवले आणि आजोबांना त्यांचा अर्थ सांगितला. पोरगं भिंतीला चिकटलं. आम्हाला वाटलं, आता चपराक बसणार. आजोबा बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगं खोटं न्हाई बोललं. ह्या वयात दुसरं काय करून राह्यलो मी?"

*

बदनापूर स्टेशनवर उतरून मॅडम काळीपिवळी जीपने कॉलेजला येतात. नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा. त्यातल्या एका प्रवासात मॅडम वहीत काहीतरी खोडत होत्या. शेजारच्या बाईला राहवलं नाही. "काय अडलं, ताई?"

"दुपारला शब्द पाहिजे. पिवळी दुपार म्हणू की पांढरी?"

झालं! मागच्या बाकावरून आवाज आला, "पांढरी. पिवळी तर सकाळची असती." पुढून कुणीतरी म्हणालं, "उन्हाळ्याची का हिवाळ्याची, ते आधी सांगा." टपावर बसलेल्या दोघांनी खाली डोकं घालून विषय काय आहे ते विचारलं. त्यांना सांगितलं. त्यांचं मत लाल पडलं.

वाद इतका वाढला की ड्रायव्हरने जीप रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. बाहेर खरोखर दुपार होतीच. त्याने कपाळावर हात धरून शेताकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. परत येऊन स्टिअरिंगवर बसला.

"भाजकी लिहा, मॅडम."

मॅडमनी लिहिलं. त्या ओळीचं पुढे खूप कौतुक झालं. एका परिसंवादात 'भाजकी दुपार' या दोन शब्दांवर एक गृहस्थ अर्धा तास बोलले. मॅडमनी आभार मानताना ड्रायव्हरचं नाव घेतलं. लोकांना वाटलं, कुणी जुने समीक्षक असतील.

*

मॅडमचा पहिला कवितासंग्रह जालन्यातल्या एका प्रेसने छापला. प्रेसचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. मालक सज्जन माणूस. म्हणाला, "मॅडम, कविता काय, पत्रिका काय, कागद तोच आणि शाई तीच."

पुस्तकं आली. मॅडमनी शेवटची कविता उघडली. ती त्यांनी आई गेल्यावर लिहिलेली. आठच ओळी आहेत, पण मी अजूनही त्या एकट्याने वाचत नाही. कविता बरोबर छापली होती. खाली अर्धं पान मोकळं राहिलं होतं. म्हणजे, राहायला हवं होतं. तिथे ठळक अक्षरात छापलं होतं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं! आपले लाडके चिंटू, पिंकी, सोनू.' आणि त्याखाली लग्नाची तारीख, वेळ आणि राजूरच्या मंगल कार्यालयाचा पत्ता!

मॅडम तडक प्रेसमध्ये. मालकाने पान बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पोरानं पानं लावताना गडबड केली. पण मॅडम, मोकळं पान कसं भकास दिसलं असतं, ते बघा तर!"

सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या. अर्ध्याअधिक टपालाने गेल्याही होत्या. मॅडम दोन दिवस कॉलेजला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एक परीक्षण आलं. परीक्षणकर्त्याने लिहिलं होतं, 'मृत्यूच्या कवितेच्या पायथ्याशी लग्नाचं निमंत्रण ठेवण्याचं धाडस फार थोड्यांकडे असतं.' मॅडमनी ते वाचलं आणि माझ्या टेबलावर डोकं टेकून इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यातलं हसण्याचं किती आणि आईचं किती, ते मी विचारलं नाही.

लग्नाचा दिवस गेला आणि राजूरहून नवरीच्या वडिलांचा मॅडमना फोन आला. आवाज जरा कोड्यात पडल्यासारखा. "ताई, आमच्या मांडवात तीन पाहुणे जेवून गेले. ना आमच्याकडचे, ना पोराकडचे. विचारलं तर म्हणले, शिंगाडे मॅडमच्या पुस्तकातून आलो."

फोन ठेवून मॅडम माझ्याकडे वळल्या. चेहरा उजळलेला.

"सर! तिघांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलंय!"

*

मध्यंतरी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. त्यांना दाखवायला भाषा प्रयोगशाळा हवी. संगणक आले, हेडफोन आले, फक्त त्यात ऐकवायचं जे काही असतं ते आलं नाही. प्राचार्य म्हणाले, "पोरांनी हेडफोन घालून नुसती मान हलवायची. समिती दोन मिनिटांत पुढं जाईल."

मॅडम म्हणाल्या, "मी पोरांना खोटं बोलायला सांगणार नाही."

"मग काय सांगणार?"

"विचारलं तर खरं सांगायचं. आणि इंग्रजीत सांगायचं."

समिती आली. पोरं हेडफोन घालून बसलेली. समितीचे अध्यक्ष नेमके पहिल्या रांगेतल्या रुक्मिणीपाशी थांबले. मेंढपाळाची पोर, उभ्या आयुष्यात कुणाला घाबरलेली नाही.

"व्हॉट आर यू हिअरिंग?"

"नथिंग, सर."

"नथिंग?"

"यस सर. व्हेरी क्लिअर!"

प्राचार्यांनी खिडकीचा गज धरला. अध्यक्षांनी रुक्मिणीच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानांना लावला आणि डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणी हलेना. या माणसाने गेले तीन दिवस वेगवेगळ्या कॉलेजांत प्राचार्यांची भाषणं ऐकली होती. अखेर त्यांनी हेडफोन काढला, हळूच टेबलावर ठेवला आणि मॅडमना म्हणाले,

"तीन दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं."

*

आसपासच्या गावांत इंग्रजीतलं काहीही आलं की लोक मॅडमकडे येतात. औषधाची बाटली, फवारणीचा डबा, दवाखान्याचा रिपोर्ट. कॉलेजसमोर राहणाऱ्या गयाबाई मात्र मोबाइल घेऊन आल्या. लेक आणि सून पुण्यात. गयाबाई बोलून मेसेज पाठवायला शिकल्या होत्या.

"मॅडम, मी सुनेला एवढं लांबलचक पाठिवते. लोणचं घातलं, म्हैस व्याली, तुझी आठवण येऊन राह्यली. आन ती उलटून एकच अक्षर पाठिवती. हे बघा."

मॅडमनी बघितलं. प्रत्येक मेसेजखाली इंग्रजीतलं एकच अक्षर, 'के'.

"ह्याचा अर्थ काय हो? रागाचं हाय का काही?" गयाबाईंचे डोळे भरले होते. दोन महिने बाई हे मनात घेऊन बसल्या होत्या.

मॅडमनी मोबाइल परत त्यांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "गयाबाई, इंग्रजीत लांब बोलायला वेळ नसला की असं लिहितात. 'के' म्हणजे 'कळलं, आई. काळजी करू नका. कामातून मोकळी झाले की करते फोन.'"

"एवढं समदं एका अक्षरात?"

"इंग्रजी तशी काटकसरी भाषा आहे."

गयाबाई हसत घरी गेल्या. आठवड्याने कॉलेजसमोर रिक्षा थांबली. पुण्याची सून हातात बॅग घेऊन उतरली, ती सरळ मॅडमपुढे. चेहरा उतरलेला. "मॅडम, आई तुमच्याकडे येतात म्हणून आधी तुम्हालाच विचारते. आई माझ्यावर चिडल्यात का? आठवडाभर त्या फक्त 'के' पाठवतात. मी घाबरून एवढं मोठं मोठं लिहायला लागले, तरी उलटून 'के'च!"

मॅडम काही बोलणार तेवढ्यात दारातून गयाबाईंचा आवाज आला.

"अगं बाई, तू तर शिकलेली ना! तुला 'के'चा अर्थ माहीत न्हाई?"

*

एक राहिला. हा मी सांगायला लागलो की मॅडम उठून जातात, म्हणून त्या नसताना सांगतो.

मॅडमच्या पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा विद्यापीठात होती. ती सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन बसू शकतं. मी प्रबंधाच्या प्रती उचलून नेल्त्या, म्हणून मीही बसलो. विषय होता विलायतेतली एक जुनी कवयित्री. नाव सांगत नाही, सांगितलं तरी माझा उच्चार चुकेल.

शेवटच्या रांगेत मॅडमचे वडील बसले होते. आबा. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातातली काठी शिपायाने दाराशी ठेवून घेतली होती. त्यांनी सगळा जन्म मेंढरांमागे काढला. मॅडमनी प्रबंधाला सात वर्षं घेतली आणि त्या सात वर्षांत आबांनी अकरा स्थळं आणली. प्रत्येक वेळी मॅडम म्हणायच्या, "आबा, पीएच.डी. झाल्यावर बघू." आता ती होणार होती. आबा कशाला आलेत, ते मॅडमना पक्कं माहीत होतं. बोलताना त्या शेवटच्या रांगेकडे बघतच नव्हत्या.

तासभर इंग्रजी चाललं. आबा एका जागी ताठ बसून ऐकत होते. अखेर बाहेरून आलेले परीक्षक मराठीत म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न विचारायचा आहे?" हे नुसतं म्हणायचं असतं. कुणी विचारत नाही.

आबांनी हात वर केला.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. मार्गदर्शक सर घाईने म्हणाले, "आजोबा, प्रश्न विषयाबद्दल पाहिजे."

"विषयाबद्दलच हाय," आबा उभे राहिले. "ही जी विलायतची बाई, तिला कविता लिहायला टाइम कधी भेटायचा? भाकरी कोण थापायचं?"

खोलीत थोडा हशा पिकला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी मॅडमकडे बघितलं. "उत्तर द्या."

"ती एकटी राहायची, आबा. लग्न नव्हतं केलं तिनं."

"बिलकुल एकटी?"

"बिलकुल."

आबांनी पागोटं जरा सारखं केलं. "मंग तिच्या बापाला काय वाटायचं, ते लिवलंय का ह्याच्यात?"

परीक्षकांनी प्रबंध उलटायला सुरुवात केली. पानं चाळली, शेवटची सूची बघितली. मॅडम म्हणाल्या, "न्हाई आबा. ते राहिलं."

"मंग लिही. मी सांगतो."

आणि मॅडमनी खरंच पेन काढलं! आबा दोन रांगा पुढे आले. त्या लहान खोलीत ते मेंढरांना हाक मारायच्या आवाजात बोलले, पण सावकाश.

"बापाला वाटायचं, हिच्या पायात काटा मोडला, तर काढायला जवळ कोण हाय."

मॅडमनी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. एवढंसंच तर वाक्य!

"लिवलं?"

"लिवलं."

"आता त्याचं इंग्रजी कर."

मॅडम फळ्यापाशी गेल्या. खडू घेतला. एक शब्द लिहिला, पुसला. दुसरा लिहिला, पुसला. मार्गदर्शक सर जागेवरूनच काहीतरी पुटपुटले आणि स्वतःच नाही म्हणाले. परीक्षकांनी आपल्या कागदावर एक ओळ लिहिली, मग ती खोडली. मॅडम आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. फळा कोरा.

आबांनी वाट बघितली. मग परीक्षकांपुढे येऊन हात जोडले.

"साहेब, सात वर्षं झाली. एवढंबी येईना हिला." त्यांनी फळ्याकडे एकदा बघून घेतलं. "पण पास करा. पोरगी लई कष्टाळू हाय."